तोब्रुकला पकडले गेलेले आमचे तात्या: एक कार्ड, दोन शब्द आणि बरेच प्रश्न

जुनी_चाळ_सोलापूर:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, वय ५६. लष्कराशी माझा स्वतःचा काही संबंध नाही, पण माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. गाव मोहोळ तालुक्यात. लढाईवरून आल्यावर वर्षभरातच ते गाव सोडून सोलापुरात गिरणीत लागले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. १९९३ साली वारले. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, म्हणजे विचारायचं असतं तर विचारता आलं असतं. विचारलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

या दिवाळीला चाळीतली जुनी खोली रिकामी करताना त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. वरच्या कप्प्यात आजीचं नऊवारी, खाली डिस्चार्ज बुक. त्याची सगळी पानं वाळवीनं खाल्लेली, नुसता पुठ्ठा आणि एका पानाचा कोपरा उरलाय. त्याच्याखाली औषधाच्या पत्र्याच्या डबीत दोन पितळी चांदण्या, सहा टोकांच्या. एकीची फीत शाबूत आहे: फिकट वाळूचा रंग, मधोमध लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी रेघ आणि दुसऱ्या बाजूला आकाशी.

आणि एक कार्ड. आपल्या पोस्टकार्डाएवढंच, करड्या रंगाचं, घडीवर फाटत आलेलं. छापील मजकूर इंग्रजी अक्षरांत आहे पण इंग्रजी नाही. ‘प्रिजिओनिएरी दि गुएरा’ असं काहीतरी, आणि पुढे हातानं ‘पी.जी. ९१’. गोल शिक्का अर्धवट उमटलाय. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं मराठीत लिहिलंय. अक्षर तात्यांचं नाही, त्यांना सहीपुरतंच येत होतं. मजकूर जसाच्या तसा देतो:

‘तीर्थरूप दादांस शि. सा. नमस्कार वि. वि. मी येथे खुशाल आहे. जखम भरली. काळजी करू नये. बैल विकू नये. आईस नमस्कार. २/५ मराठा. ता. ४ माहे एप्रिल सन १९४३.’

बस, एवढंच.

आता मला जे माहीत आहे ते सांगतो. आजी सांगायची की ते ‘तोबरूक’ला, म्हणजे लिबियातल्या तोब्रुक बंदराला, पकडले गेले. दोन-अडीच वर्षं पत्ता नव्हता, मधे हे एक कार्ड आलं. मग १९४५ साली जोंधळ्याची काढणी चालू असताना एक दिवस पायी चालत आले. आईनं ओळखलं नाही. गावात मात्र बोलणारे बोललेच. पारावर कुणीतरी म्हणालं, ‘हा बंदूक टाकून आला.’ आजीच्या म्हणण्याप्रमाणे गाव सुटलं ते त्या वाक्यामुळे. तात्या स्वतः यातलं अवाक्षर बोलले नाहीत, पण गावच्या जत्रेला कधी पाराकडून गेले नाहीत, मागच्या ओढ्याच्या वाटेनं जायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

त्यांच्या दोन सवयी मला पक्क्या आठवतात. उशाला पाण्यानं भरलेला तांब्या लागायचाच आणि त्यावर पालथं फुलपात्र. रात्री उठून त्या फुलपात्रात तळाशी बोटभर पाणी घ्यायचे, ते तोंडात धरून बसायचे आणि सावकाश गिळायचे. सोलापुरात पाणी साठवणं कुणालाच वेगळं वाटत नाही, नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, घराघरात पिंप भरलेली असतात. त्यामुळे आम्हाला वाटायचं, म्हातारा पाण्याला जपतो, चांगलंच आहे. पाणी मागताना ते ‘अक्वा आण’ म्हणायचे. आणि आम्ही पोरं गोळ्यांना पैसे मागायला लागलो की म्हणायचे ‘दोमानी, दोमानी’. आम्ही समजायचो हे गावाकडचे शब्द असतील. आता गावाकडच्या चारपाच जुन्या माणसांना विचारलं, कुणालाच ठाऊक नाहीत.

आजी आणखी एक सांगायची. तात्यांनी म्हणे कुठल्याशा देशात तपेल्याएवढ्या घंटा गळ्यात बांधलेल्या गाई बर्फाच्या डोंगराखाली चरताना पाहिल्या होत्या. तोब्रुक तर वाळवंटात. मग हे कुठलं?

माझे प्रश्न: हे कार्ड कुठलं? हे शब्द कुठले? त्या दिवशी तिथे खरं काय झालं? आणि त्यांची कागदपत्रं आता कुठे मिळतील?

भाषाप्रेमी_पुणे:

अहो, दोन्ही शब्द इटालियन आहेत. ‘अक्वा’ म्हणजे पाणी. ‘दोमानी’ म्हणजे उद्या. कार्डावरचं वाचायचं ‘प्रिजोनिएरी दी ग्वेर्रा’, म्हणजे युद्धकैदी. ‘पी.जी.’ हे त्याचंच लघुरूप आणि ९१ हा छावणीचा क्रमांक. इटलीत अशा क्रमांकांच्या बऱ्याच छावण्या होत्या. ९१ नंबरची आवेझ्झानोला, रोमच्या पूर्वेला आब्रुत्सोच्या डोंगराळ भागात. तिथे मुख्यतः हिंदी, म्हणजे भारतीय, शिपाईच ठेवले होते.

‘दोमानी’ वाचून खरंच थांबलो. त्या छावण्यांत राहिलेल्या बऱ्याच देशांच्या सैनिकांनी लिहून ठेवलंय की पहारेकऱ्याकडे काहीही मागा, पत्र, पार्सल, डॉक्टर, उत्तर एकच: दोमानी. तुम्हाला गोळ्यांचे पैसे मागितल्यावर तेच ऐकायला मिळालं.

सुभेदार_निवृत्त:

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो, २६ वर्षं नोकरी. सध्या मुक्काम सोलापूरलाच, होटगी रोडला. तुमची पोस्ट दोनदा वाचली. काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

वाळूच्या रंगाची फीत आफ्रिका स्टारची. वाळू म्हणजे वाळवंट, लाल पट्टा भूसेनेचा, गडद निळा आरमाराचा, आकाशी विमानदलाचा. दुसरी चांदणी बहुधा १९३९-४५ स्टार असेल. दोन्ही चांदण्या पालथ्या करून बघा. ब्रिटिश शिपायांना कोऱ्या दिल्या, पण हिंदी सैन्याला दिलेल्यांवर पुष्कळदा नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. ब्रासोनं घासू नका, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा.

२/५ मराठा म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण. आमच्याकडे तिला ‘काली पाँचवीं’ म्हणतात. ती ११व्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती, सोबत गुरखे आणि स्कॉटलंडचे कॅमेरॉन हायलँडर्स. तोब्रुकच्या तटबंदीचा आग्नेय कोपरा या ब्रिगेडकडे होता. सबंध तटबंदी तीस मैलांहून लांब. १९४१ साली हेच तोब्रुक ऑस्ट्रेलियन फौजेनं महिनोन्‌महिने झुंजवलं होतं. पण ४२ सालापर्यंत तिथले सुरुंग उपसून पश्चिमेला गझाला गावापाशी उभारलेल्या बचावाच्या फळीवर नेले होते, आणि रणगाडे अडवायचे खंदक जागोजाग वाळूनं बुजले होते. पलटणीच्या हातात असं ठाणं दिलं.

२० जून १९४२, पहाट. जर्मन सेनापती रोमेलनं सगळा जोर या एका कोपऱ्यावर, तुमच्या तात्यांच्या पलटणीवर लावला. आधी स्टुका विमानांचे बॉम्ब, लाटेमागून लाट. मग तोफा. मग सुरुंगांतून वाट काढणारे सॅपर, आणि मागोमाग रणगाडे. रायफल आणि ब्रेनगननं रणगाडा थांबत नाही. संध्याकाळपर्यंत जर्मन रणगाडे बंदरात पोचले होते. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला सकाळी, गडाचा सेनापती जनरल क्लॉपर यानं शरणागती दिली. सुमारे ३३,००० माणूस एका झटक्यात कैदेत गेलं. इंग्रज, दक्षिण आफ्रिकेचे गोरे, आपले, सगळे.

म्हणून पारावरच्या त्या वाक्याबद्दल सांगतो. बंदूक टाकली ती एका शिपायानं नाही. ठाणं पडल्याचा हुकूम सेनापतीचा होता, आणि मराठ्यांच्या खंदकांवरून रणगाडे गेले ते त्याच्या एक दिवस आधी. पलटण जागची हलली नाही म्हणूनच ती तिथे सापडली. कार्डात ‘जखम भरली’ लिहिलंय. लढाईत न उतरलेल्या माणसाला जखम कुठून होईल?

पाण्याचं म्हणाल तर पकडल्यानंतरचे दिवस पाण्यावाचूनचे होते. जून महिना, लिबियाचं ऊन, उघड्यावर तारेचं कुंपण, त्यात हजारो माणसं. मग ट्रकमध्ये कोंबून देर्ना, बेनगाझी आणि तिथून जहाजानं इटली. माझ्या भरतीच्या वेळी गावात तोब्रुकचा एक म्हातारा होता. तो सांगायचा, दिवसाला बाटलीच्या टोपणानं पाणी मोजायचो, आणि गिळायची घाई करणाऱ्याला बाजूचा हाताला धरून थांबवायचा. तोंडात धर, मग गिळ. तुमचं फुलपात्र वाचलं आणि तो म्हातारा डोळ्यापुढे आला.

गाईंचा उलगडाही होण्यासारखा आहे. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची शरणागती जाहीर झाली. छावण्यांतले काही डोंगरात पळाले, बाकीच्यांना जर्मनांनी उचलून नेलं. हिंदी कैद्यांपैकी बरेच जण पुढे फ्रान्समध्ये एपिनालला ठेवले होते. ११ मे १९४४ला अमेरिकन विमानांचे बॉम्ब त्या छावणीवर पडले. पुष्कळ माणसं मेली, पण कुंपणही फुटलं. शेकडो हिंदी शिपाई बाहेर पडले आणि फ्रेंच शेतकऱ्यांच्या आसऱ्यानं चालत चालत सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोचले. भाषा येत नाही, नकाशा नाही, कातडीचा रंग लपत नाही. तरी पोचले. तुमचे तात्या त्यांच्यात होते असं मी छातीठोक म्हणणार नाही, कागद बघितल्याशिवाय म्हणूही नये. पण बर्फाचा डोंगर, मोठ्या घंटेच्या गाई आणि १९४५ साली महायुद्ध संपायच्या आधी घरी, या तिन्हीचा मेळ तिथेच बसतो.

कागदांसाठी: चांदणीवर नंबर मिळाला तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. नंबर असला की काम सोपं, नुसत्या नावावर अवघड, एका नावाचे ढीगभर शिपाई असतात. सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र जोडा. जिनीव्याला रेडक्रॉसच्या संग्रहात युद्धकैद्यांची कार्डं आहेत. तिथे अर्ज वर्षातून ठराविक वेळीच घेतात, तारीख बघून करा.

इतिहास_वाचक७:

एक शंका. जर्मनीत नेताजींनी हिंदी युद्धकैद्यांमधूनच फौज उभी केली होती ना? मग हे त्यात का गेले नाहीत? की गेले होते आणि घरच्यांना सांगितलं नाही?

सुभेदार_निवृत्त:

शंका गैर नाही, पण विचारण्याची पद्धत मला खटकली. हो, उत्तर आफ्रिकेत सापडलेल्या हिंदी कैद्यांना जर्मनीत आन्नाबुर्गच्या छावणीत आणून विचारलं गेलं. सुमारे तीन हजारांची फौज झाली. बाकीचे हजारो गेले नाहीत. एका बराकीतले दोघे, एका गावचे, कधीकधी सख्खे, एक गेला आणि एक राहिला. गेला त्याला देश दिसत होता, राहिला त्याला मिठाची शपथ आडवी येत होती. कित्येकांना तर कुणी विचारलंच नाही, ते इटलीतच होते. मी दोघांनाही सलाम करतो. ऐंशी वर्षांनी आपण पंख्याखाली बसून त्यांचा हिशोब घेऊ नये.

जुनी_चाळ_सोलापूर:

सुभेदारसाहेब, तुमचं उत्तर मी मोठ्यानं वाचून बायकोला ऐकवलं. वाचताना मधेच आवाज फुटेना, तिनं पुढचं वाचलं.

इतिहास_वाचक, मला ठाऊक नाही हेच खरं उत्तर. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न तात्यांनाही कुणी ना कुणी विचारला असेल. म्हणजे आधी ‘बंदूक का टाकलीस’ आणि मग ‘नेताजींकडे का गेला नाहीस’. दोन्हीकडून बोल त्यांनाच. असा माणूस गप्प राहील नाहीतर काय करील?

चांदण्या आज रात्री बघतो.

माहेर_पंढरपूर:

मी एरवी इथे फक्त वाचते, आज लिहिते आहे. माझे वडील तोफखान्यात होते. १९७१च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात जम्मूकडच्या छांबला पुढच्या निरीक्षण चौकीवर असताना, डिसेंबरच्या पहिल्याच दिवसांत पकडले गेले. मी सहा वर्षांची होते. घरी तार आली, ‘बेपत्ता’. आईला कुंकू पुसायला सांगणारेही निघाले. आई म्हणाली, तारेत बेपत्ता लिहिलंय, गेला असं नाही लिहिलं. तिनं ती तार देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज तिच्यासमोर दिवा लावला. पुढे रेडक्रॉसमार्फत कार्ड आलं तेव्हा ती पंढरपुरात नामदेव पायरीपाशी बसून रडली म्हणे, इतके दिवस रडली नव्हती. बाबा १ डिसेंबर १९७२ला वाघ्यावरून परत आले.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, विजापूर रोडला माझ्याकडे असतात. पन्नास वर्षं त्यांनीही काही सांगितलं नाही. मला वाट सापडली ती योगायोगानं. मी समोर बसून विचारलं की ते म्हणायचे, ‘काय सांगायचं त्यात.’ एकदा मेथी निवडत बसलो होतो दोघं, आणि मी सहज म्हटलं, ‘तिकडे भाजी कसली देत हो?’ तर हात चालू ठेवून मान खाली घालून बोलायला लागले. दीड तास. मेथीच्या तीन जुड्या संपल्या. तेव्हापासून मी मुद्दाम निवडायचं काम घेऊन बसते, शेंगा, गवार, काहीही. ‘काय झालं’ असं विचारत नाही. ‘बाजूला कोण झोपायचं’, ‘चहा मिळायचा का’, असलं विचारते.

त्यातली एक गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांच्या बराकीवर एक पहारेकरी होता, चाळिशीचा, पंजाबी. त्याचा धाकटा भाऊ ढाक्याकडे होता, म्हणजे तिथे शरण आलेल्या ९३ हजार पाकिस्तान्यांत, आपल्याकडे कैदेत. हा माणूस रात्री कुणी नसताना जाळीपाशी यायचा आणि बाबांना विचारायचा, ‘तुमच्याकडे कैद्यांना रोटी नीट देतात ना?’ बाबांना काय माहीत? ते तर पकडलेले. पण ते म्हणायचे, ‘देतात. आमच्याकडे जेवायला कमी करत नाहीत.’ मग तो जायचा. दोन-चार रात्रींनी परत यायचा, परत तेच विचारायचा. बाबा परत तेच सांगायचे. बाबा म्हणतात, ‘त्याला खरं-खोटं नको होतं, कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आणि मलाही वाटायचं, तिकडे माझ्या आईला असंच कुणीतरी सांगत असेल.’

सुटून आल्यावर आपल्याच लोकांनी बाबांची कित्येक दिवस चौकशी केली. काय विचारलं, काय सांगितलंस, कुणाशी बोललास. नियम असतो, करावीच लागते, बाबा तक्रार करत नाहीत. पण पहारेकऱ्याची ही गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली नाही, आणि नंतर आम्हालाही नाही. भीती वाटली, कुणाला वाटेल शत्रूशी सलगी केली. तुमच्या तात्यांच्या गप्प बसण्यातही असं काही चांगलं दडलेलं असू शकतं. सगळंच वाईट असेल असं धरून चालू नका.

आणि ७१चे ५४ जण आपल्या यादीत आजही बेपत्ता आहेत. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यातली तार तशीच आहे. आमची तार आईनं चंद्रभागेत सोडली, त्यांना ती कधी सोडता आली नाही. एवढं लिहिल्याशिवाय मला राहवलं नसतं.

तुमच्या घरात तात्यांना पाहिलेलं जुनं माणूस कुणी आहे का? असेल तर उद्याच जा. शेंगा घेऊन जा.

जुनी_चाळ_सोलापूर:

उशीर झाला त्याबद्दल माफ करा. काल मोहोळला आत्याकडे जाऊन आलो. ती तात्यांची थोरली, ७८ वर्षांची, गुडघे गेलेत पण डोकं लख्ख आहे. ताई, तुमचं ऐकून दोन किलो भुईमुगाच्या शेंगा नेल्या होत्या. ओसरीवर सूप घेऊन बसलो.

आधी तिला अक्वा आणि दोमानीचा अर्थ सांगितला. दोमानी म्हणजे उद्या, हे ऐकून ती हातातली शेंग न फोडता नुसती बघत बसली. मग म्हणाली, ‘माझ्या लग्नात सासरी पाठवणी करताना ते मला हेच म्हणाले होते. सगळे रडत होते, हे जवळ येऊन कानात म्हणाले, दोमानी. मला वाटलं देवाचं नाव घेतलं.’

मग मी सुभेदारसाहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. खंदक वाळूनं बुजल्याचं आलं तिथे तिनं मला थांबवलं. म्हणाली, ५०-५५ वर्षांपूर्वी तिच्या सासरची विहीर दोन पावसाळ्यांत गाळानं भरली. तात्या बघायला आले होते. काठावर उकिडवे बसले आणि आत बघून म्हणाले, ‘वाळू उपसायला कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? आम्ही सांगितलं होतं.’ मग उठून स्वतः फावडं घेतलं. लोकांनी नको नको म्हटलं तरी अंधार पडेपर्यंत विहिरीत उतरून गाळ काढत होते. आत्या म्हणते, घरातले सगळे कोड्यात पडले, हा माणूस कधी सांगून गेला होता? विहीर तर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. ‘आम्ही सांगितलं होतं.’ कुणाला सांगितलं होतं त्यांनी, कुठल्या साहेबाला?

जखमेबद्दलही तिला ठाऊक होतं. डाव्या पोटरीत खड्डा होता, बोट मावेल एवढा. लहानपणी ती त्यात बोट घालून खेळायची, ते घालू द्यायचे.

आता चांदण्यांचं. आफ्रिका स्टारच्या मागे अक्षरं आहेत. भिंगातून पाहिलं. नंबरचे पहिले चार आकडे स्पष्ट लागतात, पाचवा ३ किंवा ८. पुढे ‘सिप’, म्हणजे सिपॉय, शिपाई, मग त्यांचं आणि पणजोबांचं नाव, शेवटी ‘मराठा’. डिस्चार्ज बुकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर नंबराचा शेवटचा आकडा वाचलाय वाळवीतून, तो ८ आहे. म्हणजे नंबर पुरा झाला.

सोमवारी रजा टाकली आहे. सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र घेऊन रात्रीच्या गाडीनं बेळगावला निघतो. आत्या म्हणते मीपण येणार. तिला म्हटलं, गुडघ्यांना प्रवास झेपायचा नाही, मी कागद घेऊन थेट तुझ्याकडे येईन. ऐकत नाही. तिची पिशवी भरून ओसरीवर ठेवलेली आहे, पाण्याची बाटली वर खोचलेली. सुभेदारसाहेब, ऑफिसात पहिल्यांदा कुणाला भेटायचं तेवढं सांगा.